ऐन मोक्याच्या वेळी घसरगुंडी

अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपतो. या पाच महिन्यांत फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत कसोटीचा असतो. डिसेंबर-जानेवारीत समोर येईल त्याला लोळवणारा एखादा संघ नेमका याच काळात अडखळू लागतो. दोन-तीन आठवड्यांत तीन सामने हातचे जातात, क्रमवारीत घसरण होते आणि पाठीराख्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते: बिघडले कुठे? कुणी खेळाडूंच्या थकव्याकडे बोट दाखवते, कुणी दुखापतींकडे, कुणी प्रशिक्षकांच्या डावपेचांकडे. कुणाला संघातली धुसफूस दिसते, तर कुणी नशिबाला दोष देते. यातल्या प्रत्येक उत्तरात थोडेबहुत तथ्य असते. मात्र जाणकार चाहते आणखी एक प्रश्न विचारतात: जे आता बिघडले असे वाटते, ते खरोखर आताच बिघडले, की सुरुवातीपासून कच्चे होते आणि आता फक्त उघडे पडले? घसरणीचा उलगडा बहुतेक वेळा या प्रश्नापाशी होतो.

हंगामाची रचना

हा काळ इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी हंगामाची रचना लक्षात घ्यावी लागते. एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत महिलांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. ते वेगवेगळ्या ‘कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटांमध्ये, विभागलेले असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संघ बहुतांशी गटाबाहेरच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळतात. यात काही सामने तुल्यबळ संघांशी असतात, तर बरेच दुबळ्या संघांशी. जानेवारीपासून गटांतर्गत सामने सुरू होतात, मार्चच्या सुरुवातीला गटाची बाद फेरीची स्पर्धा होते आणि त्यानंतर 68 संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. 2025 मध्ये त्यातल्या 31 जागा गटविजेत्यांना थेट मिळाल्या आणि उरलेल्या 37 संघांची निवड समितीने केली.

ही समिती संघांना मानांकनही देते. पहिल्या 16 क्रमांकांत येणाऱ्या, म्हणजे चार विभागांत पहिले चार क्रमांक मिळवणाऱ्या संघांना राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्या घरच्या कोर्टवर खेळायला मिळतात. ओळखीचा कोर्ट, प्रवासाची दगदग नाही आणि पाठीशी हजारो प्रेक्षक, हा फायदा फार मोठा असतो. शिवाय वरचे मानांकन मिळाले, की बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी गाठ उशिरा पडते. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस हरलेल्या दोन सामन्यांची किंमत दोन सामन्यांपुरती राहत नाही. पुढची सगळी वाट त्यामुळे चढाची होते.

महिलांच्या या खेळात चाहत्यांनी स्वतः आकडे गोळा करून विचार करण्याची परंपरा जुनी आहे आणि तिला कारणही आहे. एनसीएएने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती 1982 मध्ये. त्याआधी, 1976 मध्ये, फिलाडेल्फियातील पत्रकार मेल ग्रीनबर्ग यांनी देशभरच्या प्रशिक्षकांना फोन करून त्यांची मते जमवली आणि महिलांच्या संघांची पहिली राष्ट्रीय क्रमवारी तयार केली. वृत्तपत्रांत या सामन्यांचे निकालसुद्धा धड छापून येत नसत, अशा काळातली ही गोष्ट. आज परिस्थिती पालटली आहे. 2024 च्या साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा या अंतिम सामन्याला अमेरिकेत 1 कोटी 80 लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले आणि महिलांच्या अंतिम सामन्याने प्रथमच पुरुषांच्या अंतिम सामन्याला मागे टाकले. ‘हर हूप स्टॅट्स’सारखी केवळ महिलांच्या बास्केटबॉलची आकडेवारी देणारी संकेतस्थळेही उभी राहिली आहेत. त्यामुळे सामान्य चाहत्याच्या हातीही आता पुरेशी सामग्री असते.

नोटर डेमचे पाच आठवडे

या साऱ्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील नोटर डेम विद्यापीठाचा 2024-25 चा संघ. नोटर डेमने 2001 आणि 2018 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. 2001 च्या विजेत्या संघाची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू सांभाळून आक्रमण उभारणारी खेळाडू, निएल आयव्ही 2020 पासून मुख्य प्रशिक्षक आहेत. त्यांच्या या संघात हॅना हिडाल्गो, ऑलिव्हिया माइल्स आणि सोनिया सिट्रॉन या तीन अव्वल गार्ड होत्या. हिडाल्गोची सरासरी सामन्यामागे सुमारे 24 गुणांची होती. चेंडू हिसकावण्यात तर तिचा हात धरणारे फार थोडे होते. गुडघ्याच्या दुखापतीमुळे आधीचा संपूर्ण हंगाम बाहेर बसलेली माइल्स परतली होती आणि सहकाऱ्याला अचूक पास देण्यात तिचा देशभर लौकिक होता. बास्केटखालच्या लढाईचा भार मुख्यतः लिआटू किंगवर होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस केमन बेटांवरील स्पर्धेत हा संघ टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीकडून, म्हणजे टीसीयूकडून, 76-68 असा हरला आणि पाठोपाठ यूटाकडूनही. त्यानंतर मात्र त्याने मागे वळून पाहिले नाही. डिसेंबरमध्ये टेक्सस आणि युकॉन या दोन्ही मातब्बर संघांना हरवून त्याने लागोपाठ 19 सामने जिंकले. फेब्रुवारीच्या मध्याला 24 विजय आणि 2 पराभव अशा कामगिरीसह नोटर डेम राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला. विजेतेपदाच्या चर्चेत त्याचे नाव अग्रभागी होते.

23 फेब्रुवारी 2025 रोजी नॉर्थ कॅरोलायना स्टेटने आपल्या कोर्टवर दोनदा जादा वेळ चाललेल्या सामन्यात नोटर डेमला 104-95 असे हरवले. महाविद्यालयीन सामना 40 मिनिटांचा असतो आणि प्रत्येक जादा डाव पाच मिनिटांचा. म्हणजे खेळाडू त्या दिवशी 50 मिनिटे खेळल्या. चारच दिवसांनी फ्लोरिडा स्टेटने साउथ बेंडमध्ये येऊन 86-81 असा विजय मिळवला. पुढे लुईव्हिलविरुद्ध विजय मिळाला, पण गटाच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ड्यूकने नोटर डेमला 61-56 असे रोखले. याच ड्यूकला नोटर डेमने फेब्रुवारीत हरवले होते. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकनाची अपेक्षा असलेल्या संघाला तिसरे मानांकन मिळाले.

घरच्या कोर्टवरच्या पहिल्या दोन फेऱ्यांत स्टीफन एफ. ऑस्टिनला 106-54 आणि मिशिगनला 76-55 असे लोळवल्यावर घसरण थांबली, असे अनेकांना वाटले. 29 मार्चला बर्मिंगहॅममध्ये अखेरच्या 16 संघांच्या फेरीत पुन्हा टीसीयू समोर आला आणि 71-62 अशा पराभवाने हंगाम संपला. एकूण 28 विजय, 6 पराभव. बहुतेक संघांना हेवा वाटावा अशी ही कामगिरी. तरीही सहापैकी चार पराभव शेवटच्या पाच आठवड्यांत आल्याने ते चाहत्यांच्या जिव्हारी लागले.

थकवा आणि तोकडी राखीव फळी

नोटर डेमच्या पाठीराख्यांनी दिलेल्या कारणांत थकवा पहिल्या क्रमांकावर होता. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच खेळाडू कोर्टवर असतात आणि बदल कितीही वेळा करता येतात. साहजिकच ज्याची राखीव फळी भक्कम, त्या संघाच्या प्रमुख खेळाडूंना श्वास घ्यायला उसंत मिळते. नोटर डेमची मदार मोजक्या खेळाडूंवर होती. दमदार पाच-सहा जणींच्या बळावर डिसेंबर-जानेवारीत सामने जिंकता येतात. पण फेब्रुवारी संपेपर्यंत त्यांच्या पायांत तीसएक सामने, विमानप्रवास आणि सराव साठलेला असतो. त्यातच या मुली विद्यार्थिनी असतात. वर्ग, प्रकल्प आणि परीक्षा हे सारे त्याच आठवड्यांत सांभाळायचे असते.

थकवा थेट मोजता येत नाही. त्याच्या खुणा मात्र दिसतात. थकलेल्या खेळाडूच्या पायातले बळ कमी झाले, की लांबून मारलेला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत येतो. चेंडू गमावल्यावर बचावासाठी मागे धावायला एखादे पाऊल उशीर होतो आणि प्रतिस्पर्ध्याला मोकळी बास्केट मिळते. समोरच्या खेळाडूबरोबर सरकण्याऐवजी हात पुढे जातो आणि फाऊल होतो. पाच फाऊल झाले, की खेळाडू त्या सामन्यातून बाद होते. म्हणजे आधीच तोकडी असलेली फळी आणखी तोकडी होते. चाणाक्ष चाहते गुणफलकाइतकेच लक्ष या गोष्टींवर ठेवतात. चौथ्या क्वार्टरमध्ये संघ किती गुण देतो, त्यातले किती वेगवान प्रतिआक्रमणातून येतात, हे पाहिले की थकव्याच्या तर्काला आधार मिळतो किंवा तो गळून पडतो.

दुखापती

दुसरे कारण दुखापतींचे. महिला बास्केटबॉलमध्ये गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध फाटण्याची भीती सतत असते. ही दुखापत पुरुष खेळाडूंच्या तुलनेत महिलांमध्ये कितीतरी अधिक आढळते. एका उडीनंतर पाय चुकीचा पडला, तर खेळाडू वर्षभरासाठी बाहेर जाते.

युकॉनचा, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचा, 2022-23 चा हंगाम याची साक्ष देतो. संघाची सर्वांत नावाजलेली खेळाडू पेज बेकर्स हिचा एसीएल हंगामाआधीच, ऑगस्टमध्ये, फाटला. अझी फड ही दुसरी प्रमुख नेमबाज गुडघ्याच्या दुखण्याने बराच काळ बाहेर राहिली. जानेवारीत तर शिष्यवृत्तीधारक सात खेळाडूही उपलब्ध नसल्याने डीपॉलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. फेब्रुवारीत आधी साउथ कॅरोलायनाने 81-77 आणि तीन दिवसांनी मार्केटने 59-52 असे हरवले. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या संघाने लागोपाठ दोन सामने गमावण्याची वेळ मार्च 1993 नंतर प्रथमच आली; मधल्या काळात 1,083 सामने झाले होते. पुढे युकॉनने गटाची स्पर्धा जिंकली, पण राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या 16 संघांत ओहायो स्टेटकडून 73-61 असा पराभव झाला आणि सलग 14 वेळा अखेरच्या चार संघांत पोहोचण्याची परंपरा खंडित झाली.

या सामन्यात युकॉनने 25 वेळा चेंडू गमावला. एका सामन्यात संघाच्या वाट्याला साधारण सत्तर वेळा चेंडू येतो असे धरले, तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वेळा एकही शॉट न मारता तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. ओहायो स्टेट पूर्ण कोर्टभर दबाव टाकून खेळणारा संघ होता, त्यामुळे काही श्रेय त्याचे. पण चेंडू गमावण्याची खोड युकॉनला हंगामभर सतावत होती. बेकर्ससारखी चेंडू सांभाळणारी खेळाडू नसल्याने पडलेले खिंडार नोव्हेंबरपासून तसेच होते. विजयांच्या माळेत ते लपले आणि दबाव टाकणारा प्रतिस्पर्धी भेटल्यावर उघडे पडले.

प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास

तिसरे कारण म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची तयारी. नोव्हेंबरमध्ये समोरच्या संघाबद्दल फारशी माहिती नसते. फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक संघाच्या पंचवीसेक सामन्यांचे चित्रण उपलब्ध झालेले असते. कोण कोणत्या बाजूने बास्केटकडे झेपावते, कोण डाव्या हाताने कच्ची आहे, सामना अटीतटीचा झाला की चेंडू कोणाकडे जातो, हे सारे प्रशिक्षकांच्या सहायकांनी टिपून ठेवलेले असते. एकाच गटातले काही संघ तर हंगामात दोन-तीनदा समोरासमोर येतात. नोटर डेमविरुद्ध दुसऱ्या खेपेला ड्यूकने 56 गुणांवर लगाम घातला, त्यामागे हा अभ्यासही असावा.

हिडाल्गो आणि माइल्स या दोघींनाही चेंडू हातात घेऊन आक्रमण उभारायची सवय होती. दोन सूत्रधार असणे ही डिसेंबरमध्ये ताकद होती. बचाव आकसून बास्केटभोवती दाटीवाटीने उभा राहू लागला, तसा आक्रमणाचा ओघ तुटू लागला आणि एकेकीने एकट्याने झुंजून मारलेले अवघड शॉट वाढले, असे अनेक चाहत्यांचे निरीक्षण होते. ते पडताळायला सोपी कसोटी आहे. संघाच्या यशस्वी शॉटपैकी किती सहकाऱ्याच्या पासवर झाले, हे प्रमाण काढायचे. ते दोन-तीन आठवडे सतत घसरत असेल, तर आक्रमणाचा ओघ खरोखर आटला आहे. प्रमाण तेवढेच असून गुण घटले असतील, तर दोष दुसरीकडे शोधायला हवा.

चार घटकांचा हिशेब

अशी पडताळणी शिस्तीने करण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ डीन ऑलिव्हर यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात मांडलेले चार घटक उपयोगी पडतात: नेमबाजीची परिणामकारकता, चेंडू गमावण्याचे प्रमाण, आपल्याच हुकलेल्या शॉटचे रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पुन्हा ताब्यात घेणे, आणि फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतरचे मुक्त शॉट, मिळवण्याचे प्रमाण. सामन्याच्या निकालावर यांचा प्रभाव ऑलिव्हर यांच्या मते अनुक्रमे सुमारे 40, 25, 20 आणि 15 टक्के असतो. घसरणीच्या काळातल्या सामन्यांची या चार रकान्यांत आधीच्या सामन्यांशी तुलना केली, की दुखणे नेमके कुठे आहे ते कळते.

पहिल्या घटकाचा हिशेब असा. तीन गुणांचा शॉट दोन गुणांच्या शॉटच्या दीडपट मोलाचा, म्हणून यशस्वी शॉटच्या एकूण संख्येत तीन गुणांच्या यशस्वी शॉटची निम्मी संख्या मिळवायची आणि एकूण प्रयत्नांनी भागायचे. समजा, एका संघाने 60 शॉट मारले आणि त्यांतले 24 पडले. त्यात तीन गुणांचे 10 असतील, तर 24 अधिक 5 म्हणजे 29 भागिले 60, साधारण 48 टक्के. तीन गुणांचे चारच असतील, तर 26 भागिले 60, म्हणजे 43 टक्के. दोन्ही वेळा 24 शॉट पडले. पण पहिल्या वेळी 58 गुण झाले आणि दुसऱ्या वेळी 52. हा फरक सहा गुणांचा आहे. फ्लोरिडा स्टेट आणि ड्यूक यांच्याविरुद्ध नोटर डेम पाच-पाच गुणांनीच हरला होता.

इथे योगायोगाचा भागही समजून घ्यायला हवा. एखादा संघ सामन्यात तीन गुणांचे 20 शॉट मारतो आणि त्याचे दीर्घकालीन यश 35 टक्के आहे असे मानू. सरासरीने सात शॉट पडतील. पण संभाव्यतेच्या गणितानुसार चारपैकी तीन सामन्यांत ही संख्या पाच ते नऊ यांमध्ये कुठेही असेल. पाच आणि नऊ यांतले अंतर बारा गुणांचे आहे. आणखी पुढे पाहिले, तर साधारण आठ सामन्यांतून एकदा चार किंवा त्याहून कमी शॉट पडतील. तीसएक सामन्यांच्या हंगामात असे तीन-चार वाईट दिवस येणारच. ते विखुरलेले आले तर कुणाच्या लक्षातही राहत नाहीत, पण दोन लागोपाठ आले की घसरणीची हाकाटी सुरू होते. संघ तोच असतो, खेळाडूंचे कसब तेच असते.

खेळाडूचा हात तापतो आणि थंड पडतो, ही समजूत बास्केटबॉलमध्ये पक्की रुजलेली आहे. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि एमस ट्वर्स्की यांनी 1985 मध्ये आकडेवारीच्या आधारे ती भ्रामक ठरवली. पुढे 2018 मध्ये जोशुआ मिलर आणि ॲडम सॅनहुर्हो यांनी त्या मोजमापातली एक सूक्ष्म त्रुटी दाखवून दिली आणि तापलेल्या हाताला काही आधार असल्याचे म्हटले. वाद संपलेला नाही. पण चाहत्यांसाठी धडा स्पष्ट आहे. चार-पाच सामन्यांतल्या नेमबाजीवरून निष्कर्ष काढणे सर्वांत धोक्याचे आहे. चेंडू गमावणे, रिबाउंड आणि फाऊल यांत इतके चढउतार नसतात. या रकान्यांतली घसरण दिसली, तर ती अधिक गांभीर्याने घ्यावी.

नोव्हेंबरची खूण

नोटर डेमच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा कॅलेंडरमध्येच होता. ज्या टीसीयूने मार्चमध्ये त्याला घरी पाठवले, त्याच टीसीयूने नोव्हेंबरमध्येही हरवले होते. तेव्हा नोटर डेम थकलेला नव्हता आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या खेळाचा अभ्यासही केलेला नव्हता. टीसीयूकडे सहा फूट सात इंच उंचीची सेंटर सेडोना प्रिन्स होती आणि तिला चेंडू पुरवणारी हेली व्हॅन लिथ ही अनुभवी गार्ड होती. उंच सेंटर बास्केटपाशी उभी राहिली, की झेपावणाऱ्या गार्डना मध्येच अवघड शॉट मारावा लागतो. उलट बाजूला तिला अडवायला मदत पाठवावी, तर बाहेरच्या नेमबाज मोकळ्या राहतात. नोटर डेमची ताकद गार्डमध्ये होती आणि बास्केटखाली उंची कमी होती. ही उणीव पहिल्याच महिन्यात दिसली होती. मधल्या 19 विजयांत ती झाकली गेली, कारण तिचा फायदा उठवू शकणारे संघ मोजके होते.

मार्चमध्ये त्यात दुखापतीची भर पडली. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात माइल्सचा घोटा दुखावला. पुढे ती खेळली, पण घोटा दुखावलेल्या गार्डची पहिली झेप पूर्वीसारखी राहत नाही. जुना कच्चा दुवा, त्याच दुव्यावर नेमका घाव घालू शकणारा प्रतिस्पर्धी आणि ताजी दुखापत, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या. कुठल्याही एकाच कारणावर बोट ठेवणारे विश्लेषण इथे अपुरे पडते.

हंगामानंतर माइल्स दुसऱ्या विद्यापीठात गेली आणि ते विद्यापीठ नेमके टीसीयूच निघाले. सेंटर केट कोव्हाल लुइझियाना स्टेटला गेली. यावरून संघात आधीपासूनच बेबनाव होता, असा तर्क काही चाहत्यांनी मागाहून लढवला. 2021 पासून खेळाडूंना एक हंगाम बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येते आणि दर वसंतात शेकडो खेळाडू तसे करतात. जिंकलेल्या संघांतूनही जातात. नंतर घडलेल्या गोष्टीचा दाखला देऊन आधीच्या पराभवाचे कारण सिद्ध होत नाही.

सावरलेले संघ

घसरण म्हणजे शेवट असे समजण्याचेही कारण नाही. 2022-23 मध्ये ओहायो स्टेटने पहिले 19 सामने जिंकले आणि जानेवारीच्या अखेरीस आयोवा, इंडियाना आणि पर्ड्यू यांच्याकडून लागोपाठ तीन सामने गमावले. फेब्रुवारीत मेरीलँडने तर 90-54 असा धुव्वा उडवला. प्रशिक्षक केव्हिन मॅकगफ यांच्या कोर्टभर दबाव टाकण्याच्या पद्धतीला चपळ गार्ड लागतात. प्रमुख गार्ड जेसी शेल्डन मात्र हंगामाचा मोठा भाग दुखापतीमुळे बाहेर होती. ती परतल्यावर गटाच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ओहायो स्टेटने इंडियानाविरुद्ध 24 गुणांची पिछाडी भरून काढून 79-75 असा विजय मिळवला. तीनच आठवड्यांनी याच संघाने युकॉनने 25 वेळा चेंडू गमावलेला तो सामना जिंकून अखेरच्या आठ संघांत धडक मारली. नवोदित कोटी मॅकमहॉनने त्या दिवशी 23 गुण केले. म्हणजे दुखापतग्रस्त खेळाडू परतल्यावर संघ सावरला.

खुद्द टीसीयूची कहाणी आणखी बोलकी आहे. 2023-24 मध्ये या संघाने पहिले 14 सामने जिंकले आणि नंतर दुखापतींनी तो इतका विकल झाला, की पुरेशा खेळाडू नसल्याने जानेवारी 2024 मध्ये दोन सामने प्रतिस्पर्ध्याला बहाल करावे लागले. विद्यापीठातल्या मुलींसाठी खुली निवड चाचणी घेऊन संघ उभा करण्यात आला. व्हॉलीबॉल संघातूनही मदत आली. त्या वेळी या घसरणीवरून संघाची पात्रता ठरवणारे चाहते पुढच्याच वर्षी खोटे पडले. 2024-25 मध्ये टीसीयूने 34 सामने जिंकले, गटाचे विजेतेपद पटकावले आणि इतिहासात प्रथमच अखेरच्या आठ संघांत प्रवेश केला. युकॉनचेही तेच. बेकर्स आणि फड बऱ्या होऊन परतल्या आणि 6 एप्रिल 2025 रोजी साउथ कॅरोलायनाला 82-59 असे हरवून युकॉनने बारावे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

चाहत्याची जबाबदारी

घसरणीच्या चर्चेला एक काळी बाजूही आहे. कोर्टवर दिसणाऱ्या या मुली 18 ते 22 वर्षांच्या विद्यार्थिनी आहेत. हुकलेल्या एका फ्री थ्रोसाठी त्यांना शिवीगाळ आणि धमक्यांचे संदेश येतात. सट्ट्यात पैसे गमावलेलेही त्यात असतात. समाजमाध्यमांवरील या छळाची एनसीएएने पाहणी केली आहे आणि महिला बास्केटबॉलपटूंना तो विशेष सोसावा लागतो, असे तीत आढळले. संघावर जीव असणाऱ्या माणसाने खेळाची चिकित्सा जरूर करावी, कठोरपणे करावी. खेळाडूच्या चारित्र्याला, दिसण्याला किंवा घरच्यांना त्यात ओढू नये. दुखापत लपवून खेळणारी मुलगी कोणत्या वेदनेतून जाते, हे टीव्हीसमोर बसून दिसत नाही.

चांगले विश्लेषण साध्या क्रमाने पुढे जाते. प्रथम कोण खेळत नाही आणि कोण अर्धवट बरी होऊन खेळते आहे, हे पाहावे. मग प्रतिस्पर्धी किती बलवान होते, सामना घरी होता की बाहेर, दोन सामन्यांमध्ये विश्रांती किती मिळाली, याची नोंद घ्यावी. पहिल्या क्रमांकाच्या संघाने बाहेरच्या कोर्टवर 50 मिनिटांची लढत गमावणे आणि घरी दुबळ्या संघाकडून वीस गुणांनी हरणे यांत फार अंतर आहे. त्यानंतर चार घटकांची तुलना करावी आणि नेमबाजीतली घट बाजूला ठेवून उरलेल्या तीन घटकांत काय बदलले ते शोधावे. शेवटी हंगामाच्या सुरुवातीच्या पराभवांकडे परत जावे. तेच दोष तिथे सापडले, तर संघ घसरलेला नाही, जुनेच दुखणे पुन्हा वर आले आहे, असे समजावे आणि त्यावर नव्या खेळाडू किंवा नवी पद्धत हाच उपाय असतो. तिथे ते सापडले नाहीत, तर कारण थकवा, दुखापत किंवा योगायोग यांपैकी एक असण्याची शक्यता अधिक, आणि या तिन्हींवर वेळ हेच औषध आहे.